मनोरमाचा दीड दिवस

मनोरमा कारखानीसला यंदा नवऱ्याला एकच वाक्य सांगायचं होतं: आपला गणपती पाच दिवसांऐवजी दीड दिवसाचा करूया. डोंबिवलीत असती तर तिने ते जावेच्या कानावर घातलं असतं, जावेने सासूबाईंच्या, आणि आठवड्याभरात ते फिरत फिरत नवऱ्यापर्यंत आपोआप पोचलं असतं. शारजात ती सोय नाही. अल नहदातल्या सातव्या मजल्यावरच्या टू-बेडरूममध्ये माणसं तीन, त्यातलं एक युनिव्हर्सिटीत जाणारं आणि मराठीला इंग्रजीत उत्तर देणारं. जे सांगायचं ते थेट तोंडावर सांगावं लागतं. आणि प्रल्हाद कारखानीसचं तोंड उन्हाळा लागला की रिकामं सापडत नाही, कारण तो मखराविषयी बोलत असतो.

प्रल्हादचं मखर म्हणजे काय, हे शारजा-दुबईतल्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगायला हवं. हा गृहस्थ शारजा इंडस्ट्रियल एरियातल्या एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर आहे. कंपनी इमारतींना बाहेरून चकचकीत पत्रे लावते. आत नळ गळतो का, लिफ्ट चालते का, हा दुसऱ्या कुणाचा विषय. प्रल्हादचा विषय दर्शनी भाग. उरलेसुरले तुकडे तो वर्षभर जमवतो, वर्कशॉपमधला मिथुन ते मशीनवर कापून देतो, आणि गणपतीच्या आधी महिनाभर कारखानीसांच्या हॉलमध्ये चालायला जागा नसते. एका वर्षी केदारनाथ झालं, एका वर्षी जहाज. मंगळयानाच्या वर्षी करायला गेला गणपती आणि झाला मारुती. यान थेट गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं दिसत होतं. तरी लोकांनी रांग लावून फोटो काढले. दर्शनाला रुवैसहून, तीन तास गाडी हाकत, माणसं येतात.

येणारा प्रत्येक माणूस जेवून जातो. आता हे जेवण कुठून येतं, असा प्रश्न आजवर एकाही माणसाने विचारलेला नाही.

मनोरमा रास अल खोरला, भाजीपाला मागवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. गणपतीला ती पाच दिवस रजा टाकते. पहिल्या दिवशी उकडीचे मोदक, ते सोसायटीपुरते नव्हेत, लग्नघरापुरते. मग रोज दोन भाज्या, वरणभात, पुऱ्या, कोशिंबीर, आणि वर ‘वहिनी, तुमची ती अळूची भाजी नाही केली का यंदा?’ पंधरा-वीस वर्षं हे चाललंय. तिचे गुडघे आता उभ्या माणसाचे राहिलेले नाहीत. पण गुडघ्यांचं एक वेळ चालेल. खरी गोष्ट वेगळीच होती. इतक्या वर्षांत तिने आपल्या घरच्या गणपतीला समोरून असं धड पाहिलंच नव्हतं. सकाळी मूर्ती बसताना कढईत काहीतरी असायचं, आरतीला भात लागायचा. मखराची मागची बाजू मात्र तिला पाठ होती: चिकटपट्टी, वायरी, आणि ‘धिस साइड इन’ असा शिक्का. तिला राग येत होता का? येत होता. ती तो कणकेत मळून टाकायची.

गुरुजींना तिने गुपचूप फोन करून ठेवला होता. गुरुजी पुण्याचे, पूजा झूमवर सांगतात. ते म्हणाले, “देवाची हरकत नसते हो वहिनी, यजमानांची असते. शास्त्रात यथाशक्ति म्हणायची सोय आहे. तुम्ही घरात ठरवा, मी संकल्पात दिवस मोघम ठेवतो.” म्हणजे वरून मंजुरी आली होती. खालची राहिली होती.

जूनमध्ये प्रल्हादने जाहीर केलं की यंदाचं मखर युरोपियन राजवाड्याचं, बरोक. हा शब्द त्याला एका क्लायंटच्या व्हिलामुळे कळला होता. कळल्यापासून प्रल्हाद तो शब्द भाजीतल्या मिठासारखा सगळीकडे घालत होता. पण फोटोवरून करणं त्याला पटेना. “प्रत्यक्ष बघितल्याशिवाय प्रपोर्शन कळत नाही,” तो म्हणाला, आणि ऑस्ट्रियाची तिकिटं काढून मोकळा झाला. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून जातोय, असं सगळ्यांना सांगितलं. मनोरमालाही तेच सांगितलं. मुलाची, शौर्यची, इंटर्नशिप होती. तो म्हणाला, “यू गाइज एन्जॉय,” आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मनोरमाने रजा मागितली. तिचा मॅनेजर रेहान भला माणूस. तो म्हणाला, “मॅडम, युरोप जाओ, नो प्रॉब्लेम. लेकिन फिर सितंबर में पाँच दिन?” आणि मग म्हणाला, “इन्शाल्ला.” रास अल खोरमध्ये इतकी वर्षं काढलेल्या बाईला या शब्दाचे सगळे अर्थ ठाऊक असतात. हा ‘नाही’चा होता, फक्त सभ्य. तेव्हा आता तर दीड दिवसाशिवाय इलाजच उरला नाही. सहलीत सांगून टाकायचं, असं तिने विमानात बसतानाच ठरवलं. तिथे तो मोकळा असेल, हवा थंड असेल, आणि मिथुन नसेल.

राजवाडा व्हिएन्नापासून रेल्वेने दोन-अडीच तासांवर होता. नाव उच्चारता येत नव्हतं म्हणून प्रल्हाद त्याला ‘आपला पॅलेस’ म्हणायला लागला. तिकिटाच्या खिडकीशी त्याने मोठ्याने हिशेब केला: माणशी नव्वद दिरहम, म्हणजे दोन हजार रुपये. “दोन हजारात राजा होता येत असेल तर स्वस्त आहे,” असं म्हणून त्याने कार्ड काढलं.

पहिल्याच दालनाच्या दाराशी एक भली मोठी टोपली होती, तीत नमद्याच्या, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीच्या, सपाता. लाकडी जमिनीला ओरखडे पडू नयेत म्हणून त्या बुटांवरून चढवायच्या असतात. तसं चित्रही लावलेलं होतं. पण चित्र बघायला वेळ कुणाला? दाराशी सपाता ठेवल्यात म्हटल्यावर कारखानीस दांपत्याने जे करायचं ते केलं. बूट काढले. भिंतीला लावून, टाचा बाहेर करून, जोडीने नीट ठेवले. मोजे बुटात खुपसले. आणि अनवाणी पायांत त्या ढगळ सपाता घालून दोघं फरफर करत आत गेले. मनोरमाला बरंच वाटलं. एवढ्या मोठ्या घरात चपला घालून जाणं तिला तसंही प्रशस्त वाटलं नसतं.

आत जे होतं ते मात्र होतं बाई. भिंती दिसायलाच तयार नव्हत्या. जिथे भिंत असायची तिथे सोनेरी वेली, शिंपले, झालरी, आरशासमोर आरसा, त्यात झुंबरांची माळ, संपतच नाही. छतावर ढग रंगवलेले आणि ढगांत गुटगुटीत, पंखवाली, उघडी बाळं. मनोरमा बराच वेळ वर बघत होती. “एवढी बाळं,” ती म्हणाली, “आणि आई एकाचीही दिसत नाही.” प्रल्हाद ऐकत नव्हता. तो हाताचे दोन अंगठे आणि दोन तर्जन्या जोडून चौकट करून प्रत्येक भिंतीकडे बघत होता. “इथे बाप्पा,” तो म्हणायचा. पुढच्या दालनात, “नाही, इथे बाप्पा.” राणीच्या पलंगापाशीही त्याने चौकट धरली.

आणि गंमत अशी की मनोरमालाही ते सुटेना. “इथे समईला वारा लागेल,” ती म्हणाली. निळ्या रेशमी दालनात म्हणाली, “इथे आरतीला माणसं मावतील, पण कापराचा डाग पडेल.” राजाच्या मेजवानीच्या हॉलमध्ये तिने इकडे तिकडे पाहिलं आणि गाइड मुलीला इंग्रजीत विचारलं, “स्वयंपाकघर कुठे आहे?” ती म्हणाली, ते टूरमध्ये नाही.

मध्ये मध्ये मनोरमा वाक्य जुळवत होती. आरसेमहालात ती म्हणाली, “अहो, मी काय म्हणते.” प्रल्हादने बोट वर केलं. “थांब. हे कॉर्निस बघ.” तिने छताखालचं कॉर्निस बघितलं. चिनी मातीच्या शेगडीपाशी परत म्हणाली, “अहो.” शेगडी माणसापेक्षा उंच, पांढरीशुभ्र, सोन्याची किनार, घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, या घरच्या तेवढ्या चिनी मातीच्या होत्या. प्रल्हाद शेगडीभोवती फिरून आला आणि म्हणाला, “हिला तोंडच नाही. लाकडं घालत कुठून असतील?” आणि पुढे गेला.

टूर संपली ती थेट भेटवस्तूंच्या दुकानात, राजवाड्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे लोक सपाता काढून टोपलीत टाकत होते आणि आपापल्या बुटांनी चालू लागत होते. कारखानीसांनी सपाता काढल्या आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण ऑस्ट्रियाच्या एका राजवाड्यात अनवाणी उभे आहोत, आणि बूट पहिल्या दालनाबाहेर आहेत. उलट जायला परवानगी नव्हती. वाट एकाच दिशेची.

दुकानापाशी करड्या गणवेशातली एक उंच, वयस्क बाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग दोघांच्या पायांकडे पाहिलं. “तुम्ही बूट काढले,” ती इंग्रजीत म्हणाली. “का?”

प्रल्हादने थोडा विचार केला. “रिस्पेक्ट,” तो म्हणाला.

बाईने मान हलवली. ती त्यांना मागच्या एका दालनात घेऊन गेली, रेशमी भिंतीवरच्या एका रंगवलेल्या पोपटापाशी थांबली, आणि तिने भिंत ढकलली. भिंत उघडली. तिथे दार होतं हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. नक्षीला नक्षी जुळवलेली, मूठ नाही, चौकट नाही.

आत अंधारा, अरुंद बोळ. सोनं नाही, रंग नाही. काजळी धरलेल्या विटा. एका बाजूला मधूनमधून लोखंडी झाकणं होती. प्रल्हाद बाईच्या पुढे पुढे चालला होता, त्याच्या डोळ्यांपुढे फक्त बूट होते. मनोरमा एका झाकणाशी थांबली, तेव्हा बाईही थांबली. ही त्या शेगड्यांची तोंडं, तिने सांगितलं. नोकर इथून लाकडं घालत, राख काढत. ताटंही याच वाटेने जात. आतल्या लोकांना फक्त ऊब लागायची. माणूस, धूर, राख, काही दिसायचं नाही. पायांचा आवाज होऊ नये म्हणून नोकर नमद्याचे जोडे घालायचे.

भिंतीपलीकडून आरसेमहालातल्या गाइडचा आवाज येत होता, आणि लोकांचं ‘आहा’.

“त्यांना कधी आतून बघायला मिळायचं का?” मनोरमाने विचारलं.

“हो तर,” बाई म्हणाली. “झाडायला जायचे ना.”

 तिथेच, त्या बोळात, मनोरमाला वाक्य सापडलं, सबंध आणि न अडखळता. पुढच्या वळणावर प्रल्हाद थांबला होता, त्याला गाठून ती म्हणाली, “अहो, यंदापासून गणपती दीड दिवसाचा करूया. माझ्याच्याने पाच दिवस होत नाही.”

“आधी बूट मिळू देत,” प्रल्हाद म्हणाला.

बूट मिळाले. ठेवले तसेच होते, मोजे आत. प्रल्हाद बाकावर बसून नाड्या बांधता बांधता मधेच थांबला, आणि त्याच्या चेहऱ्यावर मनोरमाला चांगलं ओळखीचं असलेलं तेज आलं. “अगं,” तो म्हणाला, “ते दार. भिंतीतलं दार. हेच पाहिजे.” परतीच्या गाडीत त्याने सगळ्या पेपर नॅपकिनांवर तेच दार काढलं. मनोरमाने पुन्हा विषय काढला तेव्हा म्हणाला, “बघू.” या माणसाचं ‘बघू’ आणि रेहानचं ‘इन्शाल्ला’ ही सख्खी भावंडं होती.

ऑगस्टभर हॉलमध्ये राजवाडा उभा राहिला. सोनेरी रंगाचा वास पडद्यांना धरला. ड्रॅगन मार्टमधून आरसे आले. छताला बाळं नकोत, आपल्या देवाला आपलं वाहन, असं प्रल्हादने ठरवलं आणि शौर्यला कामाला लावलं. शौर्यने कॉम्प्युटरवर ढग केले आणि ढगांत गुटगुटीत, पंख असलेले उंदीर सोडले. “बाबा, धिस इज अ लॉट,” तो म्हणाला. प्रल्हादला ते कौतुक वाटलं.

मखर एवढं मोठं झालं की स्वयंपाकघराच्या दारापुढेच उभं करावं लागलं. बाजूने एक फट उरली, तीतून माणूस आडवा होऊन जाऊ शकत होता, पोट आत घेतलं तर. प्रल्हादची मात्र यावर तोड तयार होती. मखराच्या मागच्या भिंतीत, हाताच्या उंचीवर, त्याने एक झडप केली होती. बंद असली की दिसायची नाही. वेलीला वेल जुळायची. “मी दोनदा टाळी वाजवली,” त्याने मनोरमाला समजावून सांगितलं, “की तू झडप सरकवायची आणि मोदकाचं ताट बाहेर धरायचं. फक्त हात दिसला पाहिजे. आणि हिरव्या बांगड्या घाल, सोन्यावर उठून दिसतील.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो मखराकडे पाहत होता.

शनिवारी गणपती बसला. गुरुजी झूमवर आले, त्यांचा आवाज मधेच अडकायचा आणि मग एकदम तीन श्लोक सोबत यायचे. छताच्या स्मोक अलार्मला, दरवर्षीप्रमाणे, आंघोळीची प्लास्टिकची टोपी घातलेली होती. संकल्पाच्या वेळी मनोरमा गॅसपाशी होती, पण तिने कान दिला. गुरुजी ‘यथाशक्ति’ स्पष्ट म्हणाले. माणूस शब्दाचा पक्का.

दुपारनंतर लोक यायला लागले. बाहेर कॉरिडॉरमध्ये चपलांचा ढीग झाला. नातूर, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, दोनदा येऊन बघून गेला. आत प्रल्हाद राजवाडा सांगत होता. स्वयंपाकघरात मनोरमाला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. “आम्हाला त्यांनी खास मागच्या वाटेने नेलं,” तो म्हणत होता. “सहसा कुणाला नेत नाहीत. पण आमचा इंटरेस्ट बघून.” बुटांचं नाव नाही. “आणि आता गंमत बघा,” तो म्हणायचा, आणि दोन टाळ्या.

मनोरमा झडप सरकवायची, ताट बाहेर धरायची. पलीकडे ‘आई गं’, ‘काय डोकं आहे’, आणि टाळ्यांचा कडकडाट. ताट कुणीतरी घ्यायचं. ती झडप लावायची आणि वळून पुऱ्या लाटायची.

तिसऱ्या का चौथ्या वेळी एका लहान मुलाला ते परत बघायचं होतं. त्या खेपेचे मोदक तर वाटून झाले होते. “नुसता हात दाखव,” प्रल्हाद पलीकडून म्हणाला. तिने नुसता हात दाखवला. मूल हसलं. शौर्यने तेवढ्यात व्हिडिओ काढून मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि फटीतून डोकं घालून म्हणाला, “आई, यू आर ट्रेंडिंग.”

“मी कुठे,” ती म्हणाली. “हात.”

संध्याकाळी राजन आणि शोभना आले, त्यांच्याबरोबर आणखी चार-पाच जण. शोभना मनोरमाची जुनी मैत्रीण, राजन तिचा नवरा. दोघींनी शारजातला पहिला उन्हाळा एकाच एसीवर काढलेला. तिने आल्या आल्या विचारलं, “मनोरमा कुठाय?”

“थांबा,” प्रल्हाद म्हणाला. “मनोरमा कुठाय, तेच दाखवतो.” आणि त्याने दोन टाळ्या वाजवल्या.

स्वयंपाकघरात मनोरमाच्या हातात ताट भरलेलं होतं. तिने झडपेकडे पाहिलं. इतका वेळ मळून, लाटून, तळून ज्याचा बंदोबस्त केला होता तो राग आला, आणि आता त्याच्यावर घालायला तिच्यापाशी काही नव्हतं. ताट तिने ओट्यावर ठेवलं. गॅस बंद केला. हात पुसले. पलीकडे पुन्हा दोन टाळ्या झाल्या, जरा मोठ्या. ती फटीतून आडवी होऊन बाहेर आली, डायनिंगची एक खुर्ची ओढली, आणि सगळ्यांच्या पुढे, मूर्तीच्या अगदी समोर मांडून बसली.

पहिल्यांदाच ती हे समोरून बघत होती. दिवे लागलेले, आरशांत आरसे, मध्ये शाडूची लहानशी मूर्ती, शांत, पोट सुटलेली. वर ढगांत उंदीर उडत होते. चांगलं झालं होतं. हे तिला मान्य करावं लागलं, आणि त्याचाही राग आला.

“अगं, ताट,” प्रल्हाद हळूच म्हणाला.

मनोरमाने हात जोडले. “देवा,” ती म्हणाली. नवऱ्याकडे पाहिलं नाही. “यंदापासून दीड दिवस. उद्या संध्याकाळी निघायचं. मला पाच दिवस होत नाही, आणि झालं असतं तरी मला असं मागे उभं राहून करायचं नाही. मला तुमच्यापुढे बसायचंय.”

 सगळे मूर्तीकडे बघत होते, जणू ती आता उत्तर देणार आहे.

“अगं, मंगळवारी माझ्या ऑफिसची माणसं यायचीत,” प्रल्हाद म्हणाला.

“येऊ देत की. त्यांना मखर बघायचंय. मखर ठेवा पाच दिवस, दहा ठेवा. देव उद्या जाईल.”

“पण आपली पाच दिवसांची परंपरा आहे. बाबांपासून.”

“गुरुजींना विचारलंय. त्यांची हरकत नाही.” ती जरा थांबली. “तुम्हाला पाळायचीच असेल तर पाळा. दीड दिवस मी करते. पुढचे साडेतीन दिवस सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक तुम्ही करा. चपलांच्या ढिगाएवढी माणसं येतात, अंदाज घ्या.”

प्रल्हादने अंदाज घेतला असावा.  शोभना उठली, दुसरी खुर्ची घेऊन मनोरमाशेजारी येऊन बसली, आणि समोर बघत म्हणाली, “आमच्याकडेही हाच विषय काढायचाय.” राजनला अचानक उंदरांमध्ये फार रस वाटायला लागला.

मग कुणालाच काय करावं कळेना. प्रसाद घेतल्याशिवाय निघता येत नाही, आणि प्रसाद भिंतीपलीकडे होता. पाहुणे उभे होते, मनोरमा बसली होती. प्रल्हाद एकदा झडपेकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. तिची पाठ ताठ होती. तिला एवढा वेळ बसलेली त्याने बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती, हेही त्याच्या लक्षात आलं असेल, नसेल. शेवटी त्याने पोट आत घेतलं आणि फटीत शिरला. सोनेरी वेलीचा एक तुकडा त्याच्या शर्टाला अडकून निघून आला.

आतून भांडी पडल्याचा आवाज आला. मग एक फडताळ उघडल्याचा, मग दुसरं. बराच वेळ गेला. मग झडप सरकली आणि प्रल्हादचा केसाळ हात ताटासकट बाहेर आला. ताट तिरकं होतं, एका मोदकाचं सारण बाहेर आलेलं. टाळी कुणी वाजवली नाही. शोभनाने ताट घेतलं.

हात तिथेच राहिला.

“उद्याचं ठीक आहे,” भिंतीमागून आवाज आला. “मंगळवारच्या लोकांना मी सांगतो.” आत एक डबा उघडला, बंद झाला. “मनोरमा, तूप कुठे ठेवलंयस?”

मनोरमाने खुर्चीत पाठ टेकवली.

“शोधा,” ती म्हणाली.